बिनकूलरचे मिस्त्री

त्यांचा फोन आला की ते माझी खुशाली विचारत नाहीत. "मशीन चालू करा न जरा," एवढेच म्हणतात. मग मी फोन टेबलाच्या कोपऱ्यात, ठिणग्या पोहोचणार नाहीत अशा बेताने ठेवतो, मुखवटा खाली ओढतो आणि एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीवर वेल्डिंगची वीतभर रेघ ओढतो. तिकडे अमरावतीला, मुलीच्या घरच्या बाल्कनीत बसून, ते ती रेघ कान देऊन ऐकतात. मी मुखवटा वर करून फोन उचलेपर्यंत निकाल तयार असतो. "वायर जरा कमी करा." किंवा, "मधात हात काहून थांबला?" किंवा, फार क्वचित, "ठीक." व्हिडिओ पाठवतो म्हटले तर रागावतात. ज्या दिवशी 'ठीक' मिळते, त्या दिवशी संध्याकाळच्या चहाच्या वेळी, काही विशेष घडले नाही अशा स्वरात, मी ते पत्नीला सांगतो. ती हसते. तिला त्या स्वराची सवय आहे.

त्यांना ओळखणारे सगळेच त्यांना नुसते 'मिस्त्री' म्हणत, तेव्हा मीही इथे तेवढेच म्हणतो. कळमन्याच्या बाजाराच्या वाटेवर, संत्र्यांच्या नि धान्याच्या गाड्या जिथे वळतात, तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे दुकान होते. कूलरचे स्टँड आणि कूलरच्या पेट्या हा त्यांचा मुख्य धंदा. एरवी बाजारातल्या हातगाड्यांची दुरुस्ती. होळी उलटली की आमच्या शहरात घरोघरचे कूलर माळ्यावरून उतरतात, त्यांना नवी खस बसते, आणि कुणाच्या तरी लक्षात येते की गेल्या वर्षीच स्टँडचा एक पाय सडला होता. त्या दिवसांत मिस्त्रींच्या दारात माणसे ताटकळत उभी असत. मात्र ज्यांनी अर्ध्या वस्तीचे कूलर उचलून खिडकीच्या उंचीला नेले, त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये कूलर नव्हता. काम चालू असताना ते साधा पंखाही लावू देत नसत. भर मे महिन्यात, गळ्यापर्यंत बटणे लावलेला इस्त्रीचा पांढरा सुती सदरा घालून आणि ऊन लागू नये म्हणून खिशात एक कांदा ठेवून ते वेल्डिंग करीत. लोकांनी याचे दोन अर्थ लावले होते: मिस्त्री कंजूष आहेत, किंवा मिस्त्रींचे डोके फिरले आहे. मिस्त्रींनी दोन्ही अर्थांना कधी हरकत घेतली नाही.

दुकानदार आपला उत्तम माल दारात टांगतो. मिस्त्रींनी दारात, एका जाड तारेत ओवून, त्यांच्या स्वतःच्या हातचे तुटलेले सांधे टांगले होते. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटून वाजत.

"मिस्त्री, हे काय भंगार टांगून ठेवलं बे?" असे एका हातगाडीवाल्याने माझ्यादेखत विचारले होते.

"ते माझं सर्टिफिकेट आहे," मिस्त्री म्हणाले. "न तुटलेलं पाहाचं असंल तर लोकांच्या घरी जा. तुटलेलं माझ्याजवळ आहे."

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो असाच एक तुटलेला सांधा कापडी पिशवीत घालून. आमच्या घराला गच्चीवर जाणारा जिना बाहेरून आहे. त्याचा लोखंडी कठडा घराबरोबरच मिळाला होता. वरून चॉकलेटी रंग, अगदी गुळगुळीत. गच्ची माझ्या पत्नीची. तिथे तिच्या कुंड्या होत्या. जाई, गवती चहा, वांगी, आणि एका फुटक्या टबात वाढवलेले लिंबाचे झाड. एका सकाळी ती पाण्याची बादली घेऊन चढत होती. तिने आधारासाठी कठडा धरला आणि कठडा तिच्या हातात आला. ती पडली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, डॉक्टरांनी जिना चढायला परवानगीही दिली. पण ती काठी टेकत जिन्याच्या पायथ्याशी जाई, पहिल्या पायरीकडे पाही आणि परत येई. नवा कठडा बसवून घेऊ, असे मी म्हटले तेव्हा तिने विचारले, "तोही रंगवलेलाच असेल ना?" कुंड्यांना पाणी मी घालू लागलो, आणि माझ्या हातचे पाणी पिऊन एकेक झाड वाळू लागले. संध्याकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बसे आणि मान वर करून गच्चीकडे पाहत राही. तिला पुन्हा वर जाता यावे, यापलीकडे त्या दिवसांत मला काही नको होते.

मिस्त्रींनी तो तुकडा घेतला, अगदी नाकाजवळ नेला आणि अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला.

"हे जोडलंच नाही, साहेब. वरतून चिटकवलं, मंग रंग मारला. लोखंड आतून वितळलंच नाही न. कोणाले लागलं?"

"पत्नीला."

"आता?"

"बरी आहे. पण कठडा म्हटला की मागे सरते."

"सरणारच. मी बी सरलो असतो."

नवा कठडा करून द्याल का, असे मी विचारले. त्यांनी तुकडा उलटसुलट केला, तो माझ्या पिशवीत परत टाकला आणि म्हणाले, "मी देतो करून. पण बाई काय म्हणतील? एकानं बसवला, तो तुटला. आता दुसरा कोणी बसवून राहिला. मले का त्या ओळखतात?"

"नाही."

"तुमाले ओळखतात न?"

"हो."

"मंग तुमी करा."

सदर भागातल्या एका कार्यालयात सारी नोकरी भाषांतरे तपासण्यात घालवलेला, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला, भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्यांना हाक मारणारा मी माणूस. ही थट्टा आहे, असे मला वाटले. पण मिस्त्री हसत नव्हते. "उद्या या. टेरिकॉट घालून येऊ नका, जळून अंगाले चिटकते. सुती घाला," त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "हो, मिस्त्रीजी." मला कुणालाही 'नाही' म्हणता येत नसे, आणि माझ्या या शिक्षणाचा आरंभ केवळ त्या उणिवेतून झाला.

पहिले काही दिवस त्यांनी मशीन चालूच केले नाही. पट्टीवर खडूने रेघ मारायची, हातमोजे घालायचे, टॉर्च, म्हणजे जिच्यातून वितळणारी वायर बाहेर येते ती वेल्डिंगची नळी, दोन्ही हातांनी धरायचा, कोपर टेबलावर टेकवायचे आणि बंद टॉर्चचे टोक त्या रेघेवरून न थांबता, न धावता न्यायचे. याला ते 'कोरडा हात' म्हणत. ज्याचा कोरडा हात हलतो त्याच्या हाती वीज देणे हा वायरचा अपमान आहे, अशी त्यांची धारणा होती. माझे अक्षर बारीक आणि घाईचे आहे. हातही तसाच चाले.

"रेघ ओढून राहिले का माफी मागून राहिले?" ते विचारीत.

मशीन चालू झाल्यावर माझा खरा दोष उघडा पडला. टॉर्चच्या टोकातून वायर आपोआप बाहेर येत राहते आणि लोखंडाला भिडताच वितळते. टोक लोखंडाच्या जवळ, सतत सारख्याच अंतरावर ठेवणे हीच सारी कला. मी इतर माणसांपासून जे अंतर राखीत आलो, तेच लोखंडापासूनही राखू लागलो. प्रकाश पडला की माझा हात आदराने मागे सरे. मग वायर भलतीच लांब बाहेर येई, फटफट उडे, आणि पट्टीवर लोखंडाचे बारीक मणी विखुरत.

"साबुदाण्याची खिचडी," मिस्त्री जाहीर करीत. "जवळ जा न, साहेब. लोखंड चावते का?"

"हो, मिस्त्रीजी," म्हणून मी क्षणभर जवळ जाई आणि पुन्हा मागे येई. एकदा त्यांचा संयम सुटला. "अरे जवळ जा न गा! सासुरवाडीत जेवाले बसल्यासारखे काहून करून राहिले?"

वाईट वेल्डिंगला त्यांनी स्वयंपाकघरातली नावे दिली होती. मणी उडाले की खिचडी. रेघ लोखंडात न मुरता वर गोळा होऊन बसली की सांडगा. आणि रेघेला बारीक भोके पडून जाळी झाली की अनारसा. चांगल्या वेल्डिंगला नाव नव्हते. त्याला आवाज होता. "सांबारवडी तेलात सोडली का कसा आवाज येते? एकसारखा? तसा आला पाहिजे." ते माझ्याकडे पाठ करून दारात चहा पीत उभे राहत आणि तिथूनच ओरडत, "वायर जास्त झाली!" ते मागे वळून पाहत का नाहीत, याचे मला त्या वेळी नवल वाटे, पुढे कारण समजले. घरी पत्नी विचारी, "आज काय होतं?" मी सांगे, "सांडगे." ती गंभीरपणे म्हणे, "काल खिचडी होती. म्हणजे पुढे सरकलात."

प्रत्येक सांधा झाला की ते तो शिकंज्यात आवळत आणि हातोड्याने झोडपत. माझे सांधे वालाच्या शेंगेसारखे उलगडत. सांधा तुटला की त्यांना उत्साह येई. तुटलेल्या जागी माझे बोट धरून ठेवत नि म्हणत, "इथं गुळगुळीत लागते न? इथं लोखंडानं लोखंडाले हातच लावला नाही. अन् इथं खरखरीत. इथं हे दोघं भेटले." त्या खरखरीत जागा पुढे वाढत गेल्या. एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे हातोडा चालवला आणि पट्टीच वाकली. सांधा होता तसा राहिला. त्यांनी आणखी मारले. पट्टी दुमडली. मिस्त्री हातोडा ठेवून बाहेर गेले आणि समोरच्या टपरीवरून तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटी घेऊन आले. निम्मे पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "ठीक."

त्यांच्या सगळ्याच मतांना हातोडा लावला असता तर ती टिकली असती असे नाही. गूळ खाल्ला की फुप्फुसातला धूर धुऊन निघतो, असे ते छातीठोकपणे सांगत. मशीनबरोबर आलेले माहितीपुस्तक त्यांनी कधी उघडले नव्हते. मी ते वाचतो आहे हे कळल्यावर मात्र रोज थोडे मोठ्याने वाचून दाखवायला लावीत आणि वाक्यावाक्याला न्याय देत. "हे बरोबर." "हे कोणीतरी ऑफिसात बसून लिहिलं." एकदा मी वाचले की वायर अडखळत येत असल्यास ती पुढे ढकलणारे चाक योग्य खाचेचे आहे का ते पाहावे. "फालतू गोष्ट," ते म्हणाले. मी चहा सांगून परत आलो तेव्हा मशीनचे झाकण घाईने अर्धवट लावलेले होते, आत चाक उलटे फिरवून बसवलेले होते, आणि वायर सरळ येत होती. त्या विषयावर आम्ही दोघेही पुन्हा कधी बोललो नाही.

तर्री-पोह्यांच्या त्या 'ठीक'ने मला चढलेला आनंद कूलरच्या रूपाने बाहेर पडला. आमच्याकडे एक लहान जुना कूलर पडून होता. या वयाच्या माणसाने अशा उन्हात घाम गाळावा आणि आपण ते पाहत बसावे, हे मला सोसेना. मी तो ऑटोत घालून शेडमध्ये नेला. मिस्त्रींनी कूलरकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"चालवाचा आहे का?"

"हो. तुम्हाला फार त्रास होतो उन्हाचा."

"चालवा मंग."

ते खाटेवर कूलरच्या तोंडाशी आडवे झाले आणि डोळे मिटून पडले. मी कामाला लागलो. पहिली रेघ: अनारसा. दुसरी: अनारसा. मी पट्टी घासून पुन्हा लख्ख केली. वायरचा वेग बदलला. अर्थिंगचा चिमटा काढून लावला. गॅसच्या सिलिंडरला कान लावून पाहिला. आदल्या दिवशी जो हात सांधा जोडत होता त्याच हाताला आज काय झाले, हे कळेना. दुपार कलली तेव्हा माझ्यापुढे जाळीदार पट्ट्यांची रास होती, आणि हे आपले काम नव्हे, हा निर्णय मनात पक्का झाला होता. मी हातमोजे काढून नीट घडी करून ठेवले.

"मिस्त्रीजी, हे माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी एक डोळा उघडला. "काहून? हवा तर मस्त येऊन राहिली. मले आवडली, गॅसले बी आवडली. तो तिच्यासंगं निंगून गेला."

मग समजले. टॉर्चमधून वायरीभोवती गॅस येतो. तो वितळलेल्या लोखंडावर पांघरुणासारखा राहतो आणि बाहेरची हवा आत शिरू देत नाही. मी आणलेला वारा ते पांघरूण दिवसभर उडवून लावीत होता. मिस्त्रींच्या बिनकूलरच्या उन्हाळ्यांचा अर्थ माझ्यापुढे भोकाभोकांनी मांडलेला होता.

"पण मग तुम्ही सकाळीच का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता. त्यांच्यासमोर तो प्रथमच चढला होता.

मिस्त्री उठून बसले. चेहरा खुलला होता. "सांगतलं असतं तर तुमी म्हटलं असतं, हो मिस्त्रीजी. तुमी मशीनले विचारलं, चिमट्याले विचारलं, सिलिंडरले विचारलं. मी इथंच पडून होतो न! मले काहून नाही विचारलं?"

"तुमची झोप मोडेल म्हणून."

"बाप्पा!" ते खोकला येईपर्यंत हसले. "माझी झोप मोडू नये म्हणून बाईच्या कठड्यात भोकं ठेवता का?"

कूलर त्यांनी परत दिला नाही. संध्याकाळी मशीन बंद झाले की ते तो लावीत आणि दारातले तुटके सांधे वाजत असताना त्याच्यासमोर राजासारखे बसून राहत.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा कठड्याचे भाग शेडमध्ये तयार झाले. आता ते जिन्यात रोवलेल्या खांबांना जागेवरच जोडायचे राहिले होते. ऊन चढण्याआधी काम उरकावे म्हणून मिस्त्री भल्या सकाळी मशीन हातगाडीवर घालून आमच्याकडे आले. पत्नी अंगणात खुर्ची टाकून बसली. मी पहिला सांधा घेतला तोच वारा सुटला. मिस्त्रींनी हातगाडीवरून कूलरच्या पेटीचा एक कोरा पत्रा काढला आणि तो छातीशी धरून वाऱ्याच्या वाटेवर उभे राहिले. वरच्या टोकापासून मी पायरीपायरीने खाली सरकत होतो आणि पत्रा माझ्याबरोबर सरकत होता.

"मिस्त्रीभाऊ, तुम्हीच का करून टाकत नाही?" पत्नी म्हणाली. "हे पाहा कसे घामाघूम झाले."

"मले कुठं दिसते बाई आता," मिस्त्री सहज म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. स्टँडचं काम हाताले पाठ आहे म्हणून चालते. बाकी मी आवाजावर आहे."

मुखवट्याच्या आत मी ते ऐकले. तुटका तुकडा नाकाजवळ नेणे, माझ्याकडे पाठ करून उभे राहणे, तुटलेल्या जागी माझे बोट ठेवणे, सारे एकदम ध्यानात आले. (पुढे मशीन माझ्या हवाली करून ते अमरावतीला मुलीकडे गेले आणि तिने त्यांचे ऑपरेशन करवले. आता त्यांना स्वच्छ दिसते, आणि सगळ्या वस्तू आवाजापेक्षा वाईट दिसतात अशी त्यांची तक्रार आहे.)

शेवटचा सांधा झाला तेव्हा पत्नी पन्हे करायला आत गेली होती. मिस्त्रींनी पत्रा खाली ठेवला आणि हातोडा उचलला. "मारू का?"

"जसं तुम्हाला योग्य वाटेल."

"मले दिसत नाही म्हणून आत्ताच सांगतलं न. तुमी पाहा अन् तुमी सांगा. मारू का?"

मी वाकून पाहिले. रेघ देखणी होती, सारखी, मुरलेली. फक्त कडेशी, पत्र्याखालून वारा शिरला असावा तिथे, सुईच्या टोकाएवढी दोन भोके होती. रंगाचा एक हात त्यांना पुरला असता.

"नको," मी म्हणालो. "हा बरोबर नाही. हा मी काढतो."

"आवाज तर बरोबर होता."

"आवाज बरोबर होता, मिस्त्रीजी. पण भोकं आहेत."

आपल्या कानांशी कुणी वाद घातल्याची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी हातोडा ठेवला आणि वाकून पत्रा उचलला. "मंग धरतो. या टायमाले खालूनबी धरतो."

मी ग्राइंडरने तो सांधा मुळापर्यंत काढला आणि पुन्हा केला. या वेळी पाहिले तेव्हा काही सापडले नाही. "मारा," मी म्हणालो. मिस्त्रींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडा चालवला. सगळा जिना दणाणला, शेजारच्या खिडक्या उघडल्या, आणि अंगणात परतलेल्या पत्नीने पहिल्या घावाला मिटलेले डोळे हळूहळू उघडले.

लोखंड निवेपर्यंत आम्ही कैरीचे पन्हे प्यालो. रंग कधी मारणार, असे मिस्त्रींनी विचारले. "आताच नको," पत्नी म्हणाली. "आधी मला पाहू द्या." ती काठी टेकत उठली आणि जिन्याशी आली. सर्वांत खालचा सांधा, जो मी शेवटी आणि दोनदा केला होता, तिच्या हाताशी होता. तिने त्यावरून बोट फिरवले.

"हा बाकीच्यांपेक्षा जाड का आहे?"

"तो चुकला होता. काढून पुन्हा केला."

"मिस्त्रीभाऊंनी चूक दाखवली?"

"मी तर बरोबर म्हटलं होतं," मिस्त्री म्हणाले. "यायनंच ऐकलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. मग काठी माझ्या हातात दिली, नेमका तो जाड सांधा मुठीत धरला, हलवून पाहिला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मिस्त्री आमच्याकडे पाठ करून हातगाडीच्या दांडीवर बसले होते. मान एका बाजूला कलती, पन्ह्याचा पेला गुडघ्यावर. तिच्या बांगड्या कठड्यावर वाजत वर वर जात होत्या आणि ते ऐकत होते. आवाज थांबला. मग गच्चीच्या कडेवरून तिचा चेहरा दिसला. उन्हाने आणि श्रमाने लाल झालेला.

"अहो! लिंबाला पालवी आहे अजून! पाणी आणा लवकर!"

मिस्त्रींनी मागे वळून पाहिले नाही.

"आता म्हणा," ते म्हणाले, "हो."

"हो," मी वर पाहून ओरडलो, आणि बादली उचलली.